जांभळीला वळसा

रुजू व्हायला गेले त्या सकाळी दवाखान्यात डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. तपासणीच्या टेबलावर एक म्हातारा उघड्या छातीने आडवा पडला होता, बाहेर बाकावर चार-दोन माणसं बसली होती. डॉक्टर कुठे आहेत विचारलं तर परिचराने खिडकीकडे बोट केलं. "सायेब झाडाला चक्कर माराय गेल्यात. येतील आता."

खिडकीतून पाहिलं. आवारात एक जुनी जांभूळ होती आणि तिच्याभोवती, ऐन उन्हाळ्यात लोकरीची कानटोपी घातलेला एक उंच, वाकलेला माणूस सावकाश फिरत होता. हात पाठीमागे, मान खाली. वळसा पुरा झाल्यावर तो पायऱ्या चढून आत आला, टेबलावरच्या म्हाताऱ्याला त्याने पहिल्यांदाच भेटत असल्यासारखा नमस्कार केला आणि विचारलं, "काय होतंय आबा?"

"मगाशी सांगितलं की."

"ते त्यांना सांगितलंत. मला कुठे सांगितलंय?"

म्हाताऱ्याने एक उसासा टाकला आणि छातीत कधी भरून येतं, कुठल्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाकावरचं कुणी हसलं नाही. त्या सगळ्यांना याची सवय होती.

कामशेतहून पवनेच्या बाजूला गेलं की लागणारं हे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे डॉक्टरांची दोन पदं मंजूर होती. त्यातलं दुसरं कुणाच्याही आठवणीत कधी भरलेलं नव्हतं. या डॉक्टरांचं, म्हणजे आमच्या सरांचं, म्हणणं असं होतं की डॉक्टरला शंका आली तर त्याने दुसऱ्या डॉक्टरला विचारावं, हा साधा नियम आहे. दुसरा नसेल तर? मग आपणच बाहेर जावं आणि दुसरा होऊन यावं. "पहिल्याने काय बघितलं ते डोक्यातून जायला एक वळसा लागतो," ते मला नंतर म्हणाले होते. कधीकधी त्या दोघांचं पटायचं नाही. मग सर दिवसभर अस्वस्थ असायचे आणि संध्याकाळी सिस्टरला सांगायचे, "आज त्यांचं चुकलं होतं. बाई साधा खोकला म्हणून औषध घेऊन निघाली होती. दुसऱ्याने थांबवली. क्षय निघाला."

मी दुसरी डॉक्टर म्हणून आले आहे, एका वर्षाच्या बंधपत्रावर, हे मी सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले. टोपी काढली. डोक्यावर फार केस नव्हते. "बसा" म्हणाले नाहीत की "या" म्हणाले नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, या आबांना जरा तपासता का? मला यांच्या छातीबद्दल खात्री नाही."

मी तपासलं. त्यांना वाटत होतं तेच मलाही वाटलं. एवढ्याशा गोष्टीने त्यांचा चेहरा किती उजळला होता. मी तिथे होते तेवढे महिने ते जांभळीभोवती एकदाही फिरले नाहीत.

मी तळेगावची. वडील बँकेत कारकून, आई शिक्षिका. मावळ म्हणजे घरचंच, असं मला वाटायचं. पण तळेगावातून दिसणारं मावळ वेगळं आणि त्या दवाखान्याच्या पायरीवरून दिसणारं वेगळं. माझी खोली सरांच्या क्वार्टरला लागून होती. दार उघडलं तर आत धूळ नव्हती. गादी उन्हात टाकलेली, मच्छरदाणी बांधलेली, खिडकीची काच नवी. परिचर म्हणाला, सायेब दर पंधरवड्याला झाडून घेतात. कुणासाठी, हे त्यालाही सांगता आलं नाही.

सरांच्या दवाखान्यात "नाही" हा शब्द चालत नसे. औषध संपलेलं असे, रक्तदाबाच्या गोळ्या महिना महिना येत नसत, कुत्रं चावल्यावरची लस कधी असे कधी नसे, प्रयोगशाळेच्या खोलीला तंत्रज्ञ नव्हता म्हणून कुलूप होतं. पण पेशंटला "गोळ्या नाहीत" असं म्हणायचं नाही. "अजून आलेल्या नाहीत" असं म्हणायचं. एकदा मी चिडून म्हणाले की सर, ही फसवणूक आहे, त्या कधी येणार हे आपल्यालाही माहीत नाही. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "डॉक्टर, नाही म्हटलं की माणूस यायचं सोडतो. मग जेव्हा आपल्याकडे असतं तेव्हाही तो येत नाही. तो घरीच पडून राहतो. अजून आलं नाही म्हटलं की तो शिव्या देतो, पण येतो."

तसाच त्यांचा राग "पुढे पाठवला" या शब्दांवर होता. पेशंटला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची वेळ आली की चिठ्ठी लिहून ते गप्प बसत नसत. तिथे फोन लावायचे. उचलणाऱ्याला त्याचं नाव विचारायचे, घरचं गाव विचारायचे, मग पेशंटचं नाव सांगायचे आणि म्हणायचे, आता तुमची ओळख झाली, आता तुम्ही त्यांना ओळखता. संध्याकाळी पुन्हा फोन. कॉट मिळाली का? कुठल्या वॉर्डात? पलीकडचा माणूस वैतागून फोन ठेवून द्यायचा. सर पुन्हा लावायचे. आमच्या आवारात रेंज एकाच कोपऱ्यात यायची, पाण्याच्या टाकीजवळ. पावसातसुद्धा डोक्यावर कानटोपी आणि वर छत्री धरून ते तिथे उभे असायचे आणि शहरातल्या कुणा अनोळखी माणसाला आजीचं नाव स्पष्ट उच्चारून सांगत असायचे.

संध्याकाळी ते दुसऱ्यांदा दाढी करत आणि इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर बसत. कुणी येणार आहे का, असं मी सुरुवातीला विचारायचे. "येईलही," ते म्हणायचे. येणारा एकच होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. तळेगावच्या एका कारखान्यात आयुष्य काढून आता भातशेती बघणारा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा शांत माणूस. रक्तदाब तपासायचा हे निमित्त. तो तपासून झाला की भाऊ खालच्या पायरीवर बसायचे, सर वरच्या. मी चहा करून द्यायचे. त्यांच्यात बोलणं असं फार नसायचंच. "तुंग गडाच्या अंगाला पाऊस दिसतोय," भाऊ म्हणायचे. "हो," सर म्हणायचे. बऱ्याच वेळाने भाऊ म्हणायचे, "येतो मंग." कधी इंद्रायणी तांदळाची पिशवी आणून ठेवायचे आणि तिचा उल्लेख दोघंही करायचे नाहीत. मला वाटतं, त्या अख्ख्या मुलखात सर ज्याच्यासाठी दाढी करत असा तो एकच माणूस होता.

सरांच्या घरच्यांबद्दल मला काही माहीत नव्हतं. घोरावाडी स्टेशनाजवळ त्यांचा फ्लॅट आहे आणि त्यांच्या बाई तिथे असतात, एवढं सिस्टर म्हणाली होती. ते तिकडे गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी जे सांगितलं ते त्या रविवारी, आणि तेसुद्धा मला नाही.

लावणीचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमारास वाडीवरची सुरेखा नावाची बाई तिच्या नवऱ्याने खांद्यावर टाकून आणली. चिखलात रोप लावताना पायाला नाग डसला होता. नवऱ्याने नाग पाहिला होता. तिच्या पापण्या खाली येत होत्या आणि शब्द जड होत होते. आमच्याकडे सर्पदंशाचं औषध होतं, पण पुरेसं नव्हतं. होतं नव्हतं तेवढं सगळं सरांनी सुरू केलं. १०८ ला फोन केला तर कळलं की ती गाडी घाटातल्या अपघाताला गेलेली आहे. तेवढ्यात सुरेखाची मान ढिली पडली. श्वास उथळ झाला, मग थांबल्यासारखाच झाला. सरांनी तिच्या घशातून नळी सरकवली, इतक्या शांतपणे की मला त्यांचा हात हलताना दिसलाही नाही, आणि नळीला श्वास द्यायची रबरी पिशवी जोडली. दाबली की छाती वर येते, सोडली की खाली जाते. आता ती पिशवी थांबली की सुरेखा थांबणार होती.

आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. तो शहरात. गाडी होती, केंद्राची, जुनी. प्रश्न माणसांचा होता. सिस्टर आत कळा सुरू झालेल्या एका बाईपाशी होती. ती पहिलटकरीण होती आणि तिला सोडून हलता येत नव्हतं. परिचर रविवारचा घरी गेलेला, चालकाला गाडी चालवायची होती. राहिलो आम्ही दोघं. सरांनी एकदा सुरेखाच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात पिशवी देऊन पाहिली. त्याचे हात इतके थरथरत होते की नळी हलायला लागली. सरांनी पिशवी परत घेतली.

"डॉक्टर, तुम्ही पण चला," ते म्हणाले. "एकट्याचा हात शहरापर्यंत पुरणार नाही."

मी म्हणाले, इथे कुणीच राहणार नाही. त्यांनी खिडकीबाहेर क्षणभर पाहिलं. मग "चला" म्हणाले.

पावसाळ्यातला रविवार म्हणजे आमच्या रस्त्यांचे काय हाल असतात हे मावळातल्या माणसाला सांगायला नको. धरणाकाठच्या तंबूंकडे जाणाऱ्या मोटारी दोन्ही बाजूंनी घुसलेल्या, कुणी मध्येच थांबवून धुक्याचे फोटो काढतंय, कुणी दार उघडं टाकून कणीस खातंय, गाणी लावलेली. आमच्या गाडीचा भोंगा घसा बसल्यासारखा वाजत होता. शेवटी सुरेखाचा नवरा खाली उतरला आणि पावसात गाडीपुढे चालायला लागला. प्रत्येक मोटारीसमोर जाऊन तो हात जोडायचा. मोटार जरा बाजूला व्हायची. मग पुढची. असा तो जवळजवळ कामशेतपर्यंत हात जोडत चालत गेला.

आत आम्ही आळीपाळीने पिशवी दाबत होतो. बोटं आखडली की दुसऱ्याने घ्यायची. सर सुरेखाच्या कानाशी वाकले. "सुरेखाबाई, तुम्हाला सगळं ऐकू येतंय, मला माहीत आहे. डोळे उघडता येत नाहीत, हात हलत नाही. श्वास आम्ही देतोय. तुम्ही फक्त ऐकत राहा."

मग ते बोलत राहिले. या विषात माणूस पुतळ्यासारखा पडतो, पण शुद्ध असते. एकट्याने अंधारात पडून राहायचं म्हणजे काय, हे त्यांना कळत असावं. आधी त्यांनी रस्ता सांगितला. आता पूल आला, आता नवरा तुमचा पुढे चालतोय, आता कामशेत आलं, भाताच्या गिरण्या मागे पडल्या, आता हायवे. रस्ता सांगून संपला तेव्हा त्यांनी पिकाबद्दल सांगितलं. तेही संपलं. मग त्यांनी स्वतःबद्दल सांगायला सुरुवात केली. माझ्याकडे पाहिलंच नाही. मी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर पिशवी दाबत बसले होते.

लग्नानंतर दोन पावसाळे बायको क्वार्टरमध्ये राहिली होती. भिंतींना ओल यायची, तिला दमा. मुलीची शाळा आली तेव्हा त्या दोघी घोरावाडीला राहायला गेल्या. ठरलं असं होतं की सर दर शनिवारी जाणार आणि बदली मिळाली की प्रश्नच मिटणार. पण सुट्टीच्या जागी डॉक्टर मिळेना. शनिवारचा महिना झाला, महिन्याची दिवाळी झाली. पहिली काही वर्षं बदलीचा अर्ज केला. नंतर एका वर्षी करायचा राहून गेला आणि लक्षात आलं की आपण तो विसरलो.

"एका दिवाळीला गेलो, सुरेखाबाई. पहाटेची आंघोळ होती. मी आतून विचारलं, माझा टॉवेल कुठे आहे? तिने कपाटातून काढून दिला. नवा होता, घडीचा. पाहुण्यांसाठी ठेवलेला. तिच्या मनात काही नव्हतं हो. चांगलाच द्यावा म्हणून दिला. मी अंग पुसलं, फराळ केला आणि दुपारच्या गाडीने परत आलो. तेव्हापासून जायला नको वाटतं."

मग त्यांनी विचारलं, "दमलात का, डॉक्टर? द्या इकडे." मी पिशवी त्यांच्याकडे दिली.

मोठ्या दवाखान्यात मशीन मोकळं नव्हतं. दारावरच्या तरुण डॉक्टरने, तो माझ्याच वयाचा होता आणि दोन दिवस झोपला नसावा असा दिसत होता, दुसरीकडे न्या म्हणून सांगितलं. सरांनी त्याला त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले की आम्हाला फक्त भिंतीशी जागा द्या, तुमचं औषध सुरू करा, श्वास आम्ही देतो. तो दारातून बाजूला झाला. वॉर्डाबाहेरच्या बोळात स्ट्रेचर लावून आम्ही पिशवी दाबत उभे राहिलो. माझी बोटं मला परकी वाटायला लागली होती. दुपार कलली तेव्हा आतून मशीन मोकळं झाल्याचं सांगत आले. ते कसं मोकळं झालं, हे आम्ही विचारलं नाही.

परत आलो तेव्हा उजेड होता. आवारात माणसं उभी होती. गाडी आत आली तरी कुणी पुढे आलं नाही. सिस्टर दारात रडत उभी होती. आतली बाई नीट बाळंत झाली होती. पण आम्ही निघाल्यावर तासाभरात भाऊंना त्यांच्या भावाने मोटरसायकलवर मध्ये धरून आणलं होतं. छातीत कळ, अंगाला घाम. सिस्टरने जिभेखाली गोळी ठेवली, जे करता येण्यासारखं होतं ते केलं आणि कामशेतला पळवायला सांगितलं. रस्ता तोच होता, मोटारीही त्याच. भाऊ वाटेतच गेले.

सरांनी ओल्या टोपीसकट तसेच गावाकडे चालायला सुरुवात केली. मी मागोमाग गेले. भाऊंच्या दारात त्यांचा भाऊ उभा होता. तो आडवा आला नाही, पण बाजूलाही झाला नाही. आत भाऊंची बायको दिसत होती. तिला गावात मावशी म्हणत. तिने सरांकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे केली. सर अंगणात उभे राहिले. पुष्कळ वेळाने कुणी म्हातारा म्हणाला, "जावा सायेब आता." ते परत फिरले.

दुसऱ्या दिवशी गावाने दवाखान्याला कुलूप लावलं. मोडतोड केली नाही, आरडाओरडा केला नाही, आणि तेच जास्त लागलं. एक जण म्हणाला, "दोन दोन डाक्टर असून एकबी हितं न्हाई, मंग ह्यो दवाखाना कशापायी?" दुसरा माझ्याकडे हात करून म्हणाला, "बाईंना ठिवायचं व्हतं हितं. पिशवीच दाबायची व्हती ना, नवऱ्याला दाबाय द्यायची." सर पायरीखाली उभे होते. ते एवढंच म्हणाले की डॉक्टरांना मी नेलं, त्या नको म्हणत होत्या. मी बोलायला पुढे झाले तर त्यांनी हाताने थांबवलं. दोन डॉक्टरांच्या केंद्राला खरं म्हणजे किती माणसं लागतात, औषध का नव्हतं, मशीन का नव्हतं, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. ज्या गावातून एक माणूस उठून गेला त्याला यादी वाचून दाखवायची नसते, असं ते मला नंतर म्हणाले.

चौकशीला आलेले साहेब सभ्य होते. दोन्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकाच वेळी मुख्यालय का सोडलं, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, हात थकतो म्हणून. साहेबांनी ते कसं लिहावं याचा विचार केला. शेवटी काय लिहिलं ते मला माहीत नाही. सरांना ताकीद मिळाली. कुलूप त्याआधीच निघालं होतं, कारण कुणाच्या तरी पोराला झटके आले आणि गावानेच ते काढलं.

सुरेखा वाचली. महिन्याभराने ती नवऱ्याबरोबर चालत दवाखान्यात आली. आवाज अजून घोगरा होता. ती सरांच्या पाया पडायला वाकली तर ते मागे सरकले. मग ती स्टुलावर बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली की तिला सगळं ऐकू आलं होतं. पूल, गिरण्या, सगळं. तिला वाटत होतं, ह्या आवाजाचं बोट सुटलं की आपण गेलो. "मंग सायेब," ती हळूच म्हणाली, "बाईंनी तुमचा टावेल दिला का पुन्हा?"

सर हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मग ते उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

संध्याकाळचा सदरा बंद झाला. दाढी एकदाच व्हायला लागली. पायरीवर ते बसायचे, पण खालच्या. भाऊंच्या जागी बसायचं म्हणून नव्हे, मला वाटतं वर बसवत नसावं. मी चहा नेऊन द्यायचे, शेजारी बसायचे. माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. मावशी दर महिन्याला दवाखान्यासमोरच्या रस्त्याने एसटी पकडायला जायच्या. रक्तदाबाची औषधं कामशेतहून आणायच्या. त्यांनी या बाजूला कधी मान वळवली नाही. त्या जाताना दिसल्या की सर हातातलं काम थांबवायचे.

माझं वर्ष संपलं. माझ्या जागी कुणी आलं नाही. निघताना सर गाडीपर्यंत आले, म्हणाले की शहरात तुमचा हात वेगळ्या कामाला लागेल, जपा. बस वळली तेव्हा मी मागे पाहिलं. ते जांभळीकडे चालत गेले होते. आत कुणी पेशंट होता की नव्हता, मला माहीत नाही.

मी पुण्यात पुढे शिकले. आता अतिदक्षता विभागात काम करते. मशीनं पुष्कळ आहेत, तरी पुरत नाहीत. कधी एखाद्या लांबच्या केंद्रातून फोन येतो आणि मी आपणहून माझं नाव सांगते, गाव सांगते. पलीकडचा माणूस बावचळतो.

अलीकडे एका कामाच्या दिवशी सुट्टी काढून तिकडे गेले. सर निवृत्त झाले असतील असं धरून चालले होते. झाले होतेही. पण दोन्ही पदं रिकामी राहिली आणि मग त्यांनाच कंत्राटावर पुन्हा बोलावलं. ते अजून त्याच क्वार्टरमध्ये होते. घोरावाडीच्या बाई मध्यंतरी वारल्या. मुलगी परदेशातून येऊन फ्लॅट बंद करून गेली. हे मला सिस्टरने सांगितलं. सर फार वाकले होते. त्यांनी मला ओळखलं, शेजारी खुर्ची ओढून दिली आणि बाहेर आवाज दिला, "चला, पुढचे."

आत आल्या त्या मावशी होत्या.

केस पांढरे झालेले, एक हात भिंतीला धरून. मला त्यांनी ओळखलं नाही. कामशेतची एसटी आता नीट येत नाही आणि गुडघ्याने चालवत नाही, असं परिचर मागून सांगत होता. सरांनी त्याला हाताने बाहेर जायला सांगितलं. मावशी स्टुलावर बसल्या. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"दीर त्यास्नी घिऊन आलं तवा दार उघडंच व्हतं म्हनं," मावशी म्हणाल्या. "खुर्चीबी हितंच व्हती. तुमी न्हवता."

"नव्हतो," सर म्हणाले.

"असता तर वाचलं असतं का?"

मी सरांकडे पाहिलं. सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं. डॉक्टर असंच म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. मी स्वतः आठवड्यातून कितीतरी वेळा तसं म्हणते. सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बहुतेक वाचले असते, मावशी."

मावशींनी खिडकीकडे पाहिलं. त्या उठून जातील असं मला वाटलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग बाही वर सरकवली आणि हात टेबलावर, सरांच्या पुढे ठेवला.

"बगा मंग," त्या म्हणाल्या. "दुसरं कोन हाय हितं."

सरांनी दंडाला पट्टा गुंडाळला. पाऱ्याकडे बघत ऐकलं. वरचा जास्त आहे म्हणाले, मीठ कमी करा. केलंय, त्या म्हणाल्या. गोळ्या होत्या, सरांनी स्वतः उठून आणून दिल्या, सकाळची कुठली आणि संध्याकाळची कुठली ते दोनदा सांगितलं. मावशींनी पुडी कनवटीला लावली आणि टेबलाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. सरही उभे राहिले.

"महिन्याने पुन्हा दाखवायला या," ते म्हणाले.

मावशी दारापाशी थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"येते," त्या म्हणाल्या. "तुमी असा मातुर."